चांदण्यातला ‘च’ टोचतो तेव्हा

प्रश्न : मॅडम, वडिलांच्या पेटीतल्या रेकॉर्डी बाहेर काढल्या आणि त्यांच्यासाठी नवं टर्नटेबल घेतलं. कार्ट्रिज (सुई बसवलेली, खाचेच्या कंपनांची वीज करणारी डबी) ऑडिओ-टेक्निकाची एटी-व्हीएम९५ई आहे. गायिकेचा आवाज लागला की ‘स’ आणि ‘च’ कानाला टोचतात. गंमत म्हणजे त्याच वेळी झांजा मात्र बोथट वाटतात, त्यांची किणकिण गायब. मिरजेच्या मित्राकडे हीच कार्ट्रिज आहे, त्याच्याकडे असं होत नाही. माझ्या प्रीअँपच्या (कार्ट्रिजची क्षीण वीज वाढवणाऱ्या खोक्याच्या) मागे १००, २२०, ३३० आणि ४७० पिकोफॅरड (वीज साठवण्याच्या क्षमतेचं, म्हणजे कपॅसिटन्सचं माप) अशी बटणं आहेत. ‘पिकोफॅरड जितके जास्त तितके बारकावे जास्त’ असं एका जाणकारांनी सांगितलं म्हणून मी ३३० वर ठेवलंय. टर्नटेबल खिडकीशी आणि बाकी सगळं समोरच्या भिंतीला, त्यामुळे मध्ये अडीच मीटरची केबल आहे. दुकानदार म्हणतो, महागातली सुई घाला. घालू का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : सुईचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. तुमच्या पत्रातली कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात : अडीच मीटरची केबल.

फोनवर मी तुम्हाला दोन गोष्टी करून बघायला सांगितल्या होत्या. इतर वाचकांसाठी त्या इथं लिहिते. पहिली म्हणजे, रेकॉर्डच्या एका बाजूचं पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं ऐकून टोचणं वाढतं का ते बघणं. रेकॉर्ड मिनिटाला ठरावीकच फेरे घेते, त्यामुळे लेबलजवळ सुईखालून खाच कमी वेगानं सरकते, तेवढाच आवाज कमी जागेत कोंबलेला असतो आणि सुईला ती वळणं घेणं जड जातं. टोचणं शेवटाकडे वाढत असेल तर दोष कार्ट्रिजच्या बसवणुकीत, सुईवरच्या वजनात किंवा सुईला चिकटलेल्या धुळीच्या बोंडात. तुमच्याकडे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखंच आहे. वजनही २ ग्रॅम, म्हणजे ठीक. इथं सुई सुटली.

दुसरी गोष्ट मराठी माणसालाच करता येईल अशी आहे. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ हे दोन्ही शब्द ज्यात आहेत अशी एखादी रेकॉर्ड लावा. मराठी पेटीत ती सापडली नाही असं सहसा होत नाही. ‘चंद्र’मधला च तालव्य, जीभ टाळूला लागते, आणि त्याचा फुत्कार साधारण तीन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो. ‘चांदणं’मधला च दंत्य, जवळजवळ ‘त्स’. त्याचा फुत्कार ‘स’सारखा वर, सहा ते नऊ हजारांच्या टापूत. तुम्ही दोन दिवसांनी कळवलंत की चंद्र छान आहे, चांदणं मात्र थुंकल्यासारखं येतं. यंत्राशिवाय यापेक्षा नेमकं निदान होत नाही. तुमच्याकडे आठ हजारांच्या जवळपास उंचवटा आलाय आणि त्याच्या पुढे कडा कोसळलीय. उंचवट्यात च टोचतो, कड्यावरून झांजा पडतात.

हा उंचवटा कुठून आला? तुमची कार्ट्रिज मूव्हिंग मॅग्नेट जातीची, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलतं. तिच्या पोटात केसाहून बारीक तारेचे भरपूर वेढे असलेली वेटोळी आहेत आणि कंपनीच्या कागदावर त्यांचं इंडक्टन्स (विजेतल्या बदलाला अडवण्याची ताकद) ५५० मिलिहेन्री दिलंय. विजेच्या हिशेबात हे चांगलंच जड वेटोळं. त्याला जोडलेली केबल म्हणजे मध्ये एक तार, भोवती जाळी आणि दोघींमध्ये प्लास्टिक, म्हणजे वीज साठवणारा लांबच लांब कपॅसिटरच. टर्नटेबलच्या केबलला मीटरमागे १०० पिकोफॅरड ही नेहमीची गोष्ट आहे. प्रीअँपची बटणं त्यात आणखी भर घालतात. वेटोळं आणि कपॅसिटर एकत्र आले की त्यांचा झोपाळा होतो. ठरावीक गतीनं हलवलं की तो जोरात झुलतो, त्याहून भराभर हलवायला गेलं की हालतच नाही. पिकोफॅरड वाढवणं म्हणजे झोपाळ्याचे दोर लांब करणं : झोका मंदावतो, म्हणजे उंचवटा वरच्या पट्टीतून खाली उतरतो. आणि प्रीअँपवर जे ४७ किलोओहम लिहिलेलं असतं तो झोपाळ्यावर बसलेल्याचा जमिनीला घासणारा पाय. ओहम कमी केले की पाय जास्त घासतो आणि उंचवटा बसतो, वाढवले की झोका मोकाट सुटतो.

आता तुमचा हिशेब. टोनआर्मची (सुईच्या दांड्याची) तार आणि तुमची केबल मिळून तुम्ही मोजलेले २७०, वर बटणाचे ३३०, एकूण ६०० पिकोफॅरड. सूत्रात घातलं तर झोपाळ्याची गती येते सुमारे ८,८०० हर्ट्झ. त्याच्या किंचित खाली, ७,८०० च्या आसपास, चार डेसिबलचा उंचवटा, आणि १५,००० ला पोचेपर्यंत सात डेसिबलची घसरण. हा कागदावरचा हिशेब. वेटोळ्याच्या गाभ्यात काही ऊर्जा खर्ची पडते, सुईची स्वतःची कंपनं त्यात मिसळतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण दंत्य च नेमका त्याच उंचवट्यावर बसलाय हे नक्की. कंपनीनं या कार्ट्रिजला सांगितलेला भार, म्हणजे तिच्यापुढे जोडायचे ओहम आणि पिकोफॅरड, आहे ४७ किलोओहम आणि १०० ते २०० पिकोफॅरड. तुम्ही तिच्या गळ्यात तिप्पट ओझं अडकवलंय.

नुसतं बटण १०० वर आणून भागणार नाही, कारण केबलचे २७० तसेच राहतात. प्रीअँप उचला आणि टर्नटेबलशेजारी ठेवा. दोघांमध्ये जास्तीत जास्त एक मीटरची केबल, बटण १०० वर. एकूण २२० च्या घरात येईल. त्यावर झोपाळ्याची गती साडेचौदा हजारांवर जाते आणि १५,००० पर्यंत चढउतार जेमतेम एक डेसिबलचा राहतो. प्रीअँपमधून बाहेर पडलेला आवाज तगडा असतो, तिथून अँप्लिफायरपर्यंत पाच मीटर केबल टाकलीत तरी काही बिघडत नाही. एवढंच बघा की प्रीअँपचा चार्जरसारखा अडॅप्टर कार्ट्रिजजवळ नको, नाहीतर च जाईल आणि घूं येईल.

पिकोफॅरड मोजण्याबद्दल तीन वाचकांनी विचारलंय, म्हणून सांगते. कपॅसिटन्स मोजणारा साधा मल्टिमीटर चालतो, माझा पुण्याच्या तपकीर गल्लीतून घेतलेला आहे. आधी मीटरच्या वायरी कशालाही न लावता आकडा बघा. माझ्या मीटरवर २० पिकोफॅरड दिसतात, ते नंतर वजा करायचे. मग हेडशेल (दांड्याचा कार्ट्रिज बसवलेला पुढचा भाग) काढून बाजूला ठेवा, वेटोळं जोडलेलं राहिलं तर आकडा भलताच येतो. केबलचं प्रीअँपकडचं टोक काढा, एक वायर मधल्या पिनला, एक बाहेरच्या कड्याला. डावी-उजवी दोन्ही बाजू मोजा. बोटं लांब ठेवा, केबल मुठीत धरली तरी आकडा हलतो. एक ताकीद : ओहमच्या रेंजवर ठेवून मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज (जिच्यात चुंबकाऐवजी वेटोळं हलतं) ‘चालू आहे का’ बघायला जाऊ नका. मीटर त्यातून स्वतःची वीज सोडतो आणि ती वेटोळी नाजूक असतात.

तुमच्या जाणकारांवर रागावू नका, त्यांचं म्हणणं कुठून आलं असेल हे मला कळतं. शुअरच्या सत्तरच्या दशकातल्या व्ही-१५ टाइप थ्री या कार्ट्रिजला कंपनीच ४०० ते ५०० पिकोफॅरड मागायची. तिची वेटोळी आणि सुई तो भार धरूनच बनवलेली होती, त्यामुळे कमी दिले तर ती रोडावल्यासारखी वाजायची. त्या काळात ज्यांचे कान तयार झाले त्यांना ‘जास्त घाला’ हा मंत्रच वाटतो. शुअरनं २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, मंत्र मागे राहिला. दुकानदाराच्या सुईबद्दल एवढंच की व्हीएम९५ मालिकेत सुई बदलता येते आणि चांगली सुई लेबलजवळचा खरखरीतपणा खरोखर कमी करते. पण वेटोळं कार्ट्रिजच्या अंगात आहे, सुईत नाही. महागडी सुई घालून तुमचा आठ हजारांचा उंचवटा तिथंच राहिला असता.

हे एवढ्या ठामपणे सांगते आहे कारण ती सुई मी विकत घेतलेली आहे. आमच्या जुन्या घरी टर्नटेबल बाहेरच्या खोलीत आणि अँप्लिफायर आतल्या, म्हणून मी स्वतः चार मीटरची केबल बनवली होती. डागणं सुरेख होतं, आजही कुणाला दाखवायला लाज वाटणार नाही. ह्यांनी पहिल्याच दिवशी म्हटलं, “बाईंना सर्दी झालीय की दात आलेत?” मी सुईला दोष दिला, नवी मागवली, तीन आठवडे वाट पाहिली, लावली. आवाज तोच. त्याच आठवड्यात मी पॉलिटेक्निकात दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला इंडक्टन्स आणि कपॅसिटन्सचा रेझोनन्स, म्हणजे हाच झोपाळा, शिकवत होते, फळ्यावर तो उंचवटा खडूनं काढला आणि हात तिथंच थांबला. मुलांना वाटलं सूत्र विसरले. घरी येऊन केबल मधोमध कापली. ह्यांनी त्यावर काही म्हटलं नाही, चहा ठेवला.

प्रश्न : माझ्याकडे डेनॉन डीएल-१०३ कार्ट्रिज आहे. नव्या प्रीअँपवर १०० ओहम, ४०० ओहम, १ किलोओहम आणि ४७ किलोओहम असे पर्याय आहेत. ४७ किलोओहमवर आवाज एकदम मोकळा, हवेशीर. १०० वर सगळं मेल्यासारखं. तरीही जो तो १०० च ठेवा म्हणतो. माझे कान खोटं बोलतात का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : कान खरंच बोलतात, फक्त ते ‘मोठा’ या शब्दाला ‘मोकळा’ म्हणताहेत.

वरच्या उत्तरातला झोपाळा इथं विसरा. तुमची १०३ मूव्हिंग कॉइल जातीची, तिच्या वेटोळ्याला मोजकेच वेढे असतात, इंडक्टन्स नगण्य. केबलशी मिळून त्याचा जो झोपाळा होतो तो लाखो हर्ट्झवर झुलतो, तिथं वटवाघळंही ऐकायला नसतात. त्यामुळे पिकोफॅरडच्या बटणांकडे १०३ वाल्यांनी बघायचंही कारण नाही. तुमच्यासाठी गणित सातवीतलं आहे. १०३ च्या वेटोळ्याचा स्वतःचा रेझिस्टन्स ४० ओहम. पुढे १०० ओहमचा भार लावला की तिचा आवाज १४० मध्ये वाटला जातो आणि प्रीअँपच्या वाट्याला त्यातले १०० येतात. म्हणजे जवळपास ३ डेसिबल कमी. ४०० ला लावला तर नुकसान एका डेसिबलच्याही आत. ४७ किलोओहमला काहीच नाही. तुम्ही बटण फिरवता तेव्हा आवाजाचं बटणही नकळत फिरवत असता. आणि ३ डेसिबलनं मोठं वाजलेलं काहीही जास्त चांगलं वाटतं, माझ्या शिट्टीसकट.

तुलना करायचीच तर अशी करा. चाचणीच्या रेकॉर्डवरचा १,००० हर्ट्झचा सूर लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टोकांना लावा. ४७ किलोओहमला जेवढे व्होल्ट येतात तेवढेच १०० ला येईपर्यंत आवाज वाढवा आणि त्या जागेवर पेन्सिलीनं खूण करा. मग मुलाला किंवा सूनबाईंना बटणापाशी बसवा, तुम्ही पाठ करून बसा. तानपुरा आणि गळा एवढंच असलेली रेकॉर्ड घ्या. जवारीची चमक आणि तारेचा शेवटचा विरत जाणारा धागा ऐका. बासरी, व्हायोलिनचे ताफे वगैरे नंतर.

फरक अजिबात उरणार नाही असं मी म्हणत नाही. काही प्रीअँप त्या लाखो हर्ट्झच्या उंचवट्यावर आलेल्या टिचक्यांनी बिचकतात आणि त्याचा कचरा ऐकू येणाऱ्या पट्टीत टाकतात. अशा प्रीअँपला कमी ओहमचा घासता पाय हवाच असतो. चांगल्या प्रीअँपला नको असतो. म्हणून ‘१०३ ला इतकेच ओहम’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर आधी त्यांचा प्रीअँप कुठला ते विचारा. डेनॉननं ही कार्ट्रिज साठच्या दशकात जपानच्या एनएचके या नभोवाणीसाठी बनवली. तिचा आवाज आधीच ०.३ मिलिव्होल्ट इतका बारीक. त्यातला पाव भागाहून जास्त भारात घालवायला माझा जीव होत नाही, कारण तेवढीच प्रीअँपची सुरसुर वर येते. माझ्याकडच्या १०३ ला मी ४०० ठेवते. हवेशीरपणाचा त्यात काही संबंध नाही.

तुम्ही ट्रान्सफॉर्मर (कार्ट्रिज आणि प्रीअँपच्या मध्ये बसून व्होल्ट वाढवणारा) घेण्याबद्दलही विचारलंय. तो घेतलात तर ही ओहमची बटणं बाद. एकास दहाचा ट्रान्सफॉर्मर ४७ किलोओहमला दहाच्या वर्गानं, म्हणजे शंभरानं भागतो, कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतात. एकास वीसचा चारशेनं भागतो, दिसतात सुमारे ११८. पिकोफॅरड मात्र तितक्याच पटीनं वाढून दिसतात, प्रीअँपचे १०० एकास दहावर १०,००० होतात. म्हणजे ज्या बटणाकडे बघू नका म्हटलं ते ट्रान्सफॉर्मरनंतर पुन्हा कामाचं : सगळ्यात कमीवर ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डी आहेत, बहुतेक नाट्यगीतं. एलपीच्याच कार्ट्रिजवर वाजवल्या तर फार खरखरतात. लोडिंग (ओहम-पिकोफॅरडचा भार) बदलून खरखर कमी होईल का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : आधी ती सुई उचला, कृपा करून! एलपीची सुई टोकाशी साधारण १८ मायक्रॉन, ७८ ला लागते ७५ च्या आसपास. तुमची सुई खाचेच्या तळाशी लोळते आहे आणि तिथं आजोबांच्या काळापासूनची घाण आहे. रुंद टोकाची सुई वरच्या स्वच्छ भिंतींवर चालते. व्हीएम९५ असेल तर त्याच मालिकेत ७८ ची सुई मिळते, वजन तिच्या खोक्यावर लिहिलेलं ठेवायचं.

लोडिंगचं म्हणाल तर पिकोफॅरड वाढवून वरची पट्टी कापणारे लोक आहेत. पण वर सांगितलेला उंचवटा त्याआधी येतो आणि खरखर उलट धारदार होते. ओहम कमी करणं त्यापेक्षा बरं : प्रीअँपच्या तोंडाशी वाय जोडणी (एका तोंडाला दोन वाटा देणारी) घालून समांतर २२ किलोओहम लावलेत तर भार १५ किलोओहमवर येतो आणि वरची पट्टी हळूहळू उतरते. ७८ च्या शेलॅकवर (लाखेवर) तिथं फारसं संगीत नसतंच. मात्र आणखी एक मेख आहे. तुमचा प्रीअँप आरआयएए या १९५४ च्या मापानं आवाज सरळ करतो आणि त्याआधीच्या ७८ दुसऱ्याच मापांनी कापलेल्या आहेत. म्हणून गळा थोडा दबलेला वाटेल. ट्रेबल-बासची बटणं त्यासाठीच असतात, ती कानाला पटतील तशी फिरवायला कुणाची परवानगी नको.

प्रश्न : १०० किलोओहम लावलं की जुन्या कार्ट्रिजचा आवाज खुलतो असं ऐकलं. करू का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा सल्ला सत्तरच्या दशकातल्या चार स्पीकरांच्या सीडी-४ रेकॉर्डींचा आहे. त्यांच्या खाचेत ३०,००० हर्ट्झचा वाहक सूर दडवलेला असायचा आणि तो उचलायला १०० किलोओहम आणि अगदी कमी पिकोफॅरड लागायचे. तुमच्याकडे त्या रेकॉर्डी नाहीत. साध्या केबलवर १०० किलोओहम लावणं म्हणजे झोपाळ्यावरून पाय वर घेणं. दोन दिवस खुलल्यासारखं वाटेल, तिसऱ्या दिवशी चांदणं टोचेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

प्रश्न : नवं टर्नटेबल अँप्लिफायरच्या फोनोला (टर्नटेबलसाठीच्या खास तोंडाला) लावलं. आवाज फुटतो, बास गुरगुरतो. भार चुकलाय का?
(एक वाचक, लातूर)

उत्तर : टर्नटेबलच्या मागच्या बाजूला खाली एक बारीक सरकबटण असेल, एकीकडे फोनो, दुसरीकडे लाइन. ते लाइनवर आहे. आतला प्रीअँप आणि अँप्लिफायरचा प्रीअँप, दोघंही काम करताहेत. एकाला रजा द्या.